अष्टमीची भरती

पेडवेवाडीत कोणाच्या घरी काही नवं व्हायचं असलं की आधी बाबलीकडे निरोप जातो. मुलगा बोटीवर नोकरीला निघाला, नव्या होडीला रंग लागला, विहिरीला पाणी लागलं, तर देवळात गाऱ्हाणं घालायचं आणि ते बाबलीने घालायचं. ज्याचं काम असेल त्याने मागे हात जोडून उभं राहायचं. तोंड उघडायचं नाही. त्याच्या वतीने देवाशी बाबली बोलणार, आणि दर वाक्याला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार. बाबलीच्या आधी त्याचा बाप हे करत असे.

यातून पोट भरत नाही. पोटासाठी बाबली पाडेली आहे, माडावर चढून नारळ पाडतो. वय त्रेसष्ट, पण अजून दोन्ही पायांत दोरीचा फास अडकवून सरसर वर जातो. माडाच्या शेंड्यावरून खाडीचं तोंड, पलीकडचा जुना धक्का आणि मधला वाळूचा दांडा, सगळं तळहातावर असल्यासारखं दिसतं. दांडा दिवसातून दोनदा पाण्याबाहेर येतो आणि दोनदा पाण्याखाली जातो. बाबली घड्याळ वापरत नाही.

त्याची एकच खोड वाडीला छळते. तो फार विचारतो.

लक्ष्मीकाकीची नात रिया नर्सिंगच्या शिक्षणाला निघाली, तेव्हा गाऱ्हाण्याच्या आदल्या दिवशी बाबली त्यांच्या पडवीत दीड तास बसला. कॉलेज कुठे, खोलीत मुली किती, पाणी नळाचं की टाकीचं, रात्रपाळी कधीपासून.

“बाबलीआजा,” रिया शेवटी म्हणाली, “देवाक ह्या सगळा कित्याक होया? तेका ठावक आसतलाच मां?”

“ठावक आसतला गो. पण तेच्यापुढे रोज कितकी माणसा येवन उभी ऱ्हवतत. तुझा काय आणि दुसऱ्याचा काय, ता सांगणाऱ्यान सांगूक होया. आणि सांगणाऱ्याक ठावक नसला, तर तो काय सांगतलो? माझा कपाळ?”

बापाने त्याला घालून दिलेला नियम एवढाच होता. विचारल्याशिवाय गाऱ्हाणं घालू नये. आपल्याला ठाऊक असलं तरी विचारावं.

आणि अशा माणसाने आपल्या सख्ख्या भाच्याला चार वर्षांत एक प्रश्न विचारला नव्हता.

*

भाचा म्हणजे धनेश, बाबलीची विधवा बहीण नर्मदा हिचा एकुलता एक मुलगा. दोन हजार एकवीसच्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी जुन्या धक्क्यावर भांडण झालं. एका ट्रॉलरची पाती धनेशच्या जाळ्यातून गेली होती आणि जाळं फाटलं होतं. सहासात जणांची झोंबाझोंबी झाली. त्यात ट्रॉलरवरचा प्रीतम नावाचा पोरगा धक्क्यावरून खाली दगडावर पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. धनेशने वल्हं डोक्यात घातलं, असं एकाच साक्षीदाराने सांगितलं. तो त्याच ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, गुरुप्रसाद. बाकीच्यांनी झोंबाझोंबी पाहिली होती, वल्हं कोणी पाहिलं नव्हतं. गुरुप्रसादच्या शब्दावर धनेशला सात वर्षांची शिक्षा झाली आणि तो कोल्हापूरला कळंब्याच्या तुरुंगात गेला.

वाडीतल्या प्रत्येकाचं यावर काही ना काही मत होतं. बाबलीचं मत कोणालाच कळलं नाही. खटला चालू होता तेव्हा धनेश जामिनावर घरीच होता, मामाच्या समोरच्या पाटावर बसून जेवत होता. बाबली त्याला भात वाढायचा आणि सरंग्याची तुकडी वाढायचा. त्या संध्याकाळचं काही काढायचा नाही.

यंदा फाल्गुनात नर्मदेला तुरुंगातून धनेशचा फोन आला की कोल्हापूरच्या वरच्या कोर्टातल्या अपिलाला तारीख लागली आहे. अपील फेटाळलं गेलं तर उरलेली पाच वर्षं आत. नर्मदा अडुसष्टची आहे, तिला साखर आहे. पाच वर्षं हा आकडा तिने कोणाजवळ बोलून दाखवला नाही. पण बाबली सकाळी गेला तेव्हा ती धनेशचे जुने शर्ट उन्हात घालत होती.

त्या दिवशी बाबलीला दीपिकाच्या घरचे माड होते. दीपिका मालवणात झेरॉक्सचं दुकान चालवते आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीची स्वयंसेवक आहे. कोर्टाच्या कागदांना भिणाऱ्या माणसांना हाताला धरून योग्य खिडकीपाशी नेणं, हे तिचं काम. बाबली शेंड्यावर पोचला आणि तिथूनच त्याने हाक मारली.

“गो दीपिका! वरच्या कोर्टात धनेशाचो वकील कोण?”

“मामा, आधी खाली उतरा!”

“मिया हयसर बरो आसंय. तू सांग.”

दीपिका अंगणात मोबाइल घेऊन उभी राहिली, आणि वरून नारळ पडायचे थांबले. सरकारच्या खर्चाने वकील नेमलेला होता. त्याचं नाव, अपिलाचा नंबर, मागच्या दोन तारखा, सगळं तिने वाचून दाखवलं.

“तेना धनेशाक काय इचारल्यान?”

“ता हयसर कसा दिसतला?”

“मगे खंय दिसतला?”

आठ दिवसांनी दीपिकाने अपिलाच्या अर्जाची प्रत मिळवली. पडवीत बसून तिने बाबलीला मराठीत उलगडून सांगितली. चार मुद्दे होते. खालच्या कोर्टाने पुरावा नीट पाहिला नाही. साक्षीदार विश्वासार्ह नाही. शिक्षा जास्त आहे. आरोपी घरातला एकटा कमावता आहे.

बाबलीने चौथा मुद्दा पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, “ह्यातसून धनेशाचा नाव काढ, दुसऱ्या कोणाचा घाल. चालतला मां?”

दीपिकाने कागद उलटसुलट केला. “चालतला,” ती म्हणाली.

बाबली हसला. त्याला एक जुनी गोष्ट आठवली. एकदा तो तापाने पडला होता आणि नव्या होडीच्या गाऱ्हाण्याला शेजारच्या गावातून माणूस आणावा लागला. त्या माणसाला सगळीकडे एकच पाठ. तो देवापुढे उभा राहिला आणि लग्नाचं म्हणून मोकळा झाला: वेलीक फूल येवंदे, फुलाक फळ येवंदे, वरीसभरात पाळणो हलांदे. मंडळी सवयीने ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली. होडीचा मालक भाई अजून बाजारात दिसला की लोक विचारतात, “काय रे भाई, होडयेक काय झाला? झील काय चेडू?”

हसून झाल्यावर मात्र तो बराच वेळ त्या चार मुद्द्यांकडे बघत राहिला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

*

पुढच्या फोनची वेळ धरून तो नर्मदेच्या घरी जाऊन बसला.

“धन्या, तुझो वकील तुका भेटलो?”

“नाय. वकीलपत्रार सही केलंय, तितक्याच.”

“तेचा तोंड बघितलंस?”

“नाय मामा.” धनेश म्हणाला, “पहिलो होतो तेचा बघितलेलंय. कोर्टाच्या जिन्यार. ‘काय काळजी करू नको’ म्हणालो.”

फोन संपला. नर्मदा म्हणाली, “मोठी माणसा ती. तेंका येळ खंय?”

बाबली थेट दीपिकाच्या दुकानात गेला. झेरॉक्सला चारजण उभे होते. त्यांच्या खांद्यावरूनच त्याने विचारायला सुरुवात केली. सरकार वकील देतं ते दयेने देतं काय? दयेने दिलेल्या वस्तूला दात कसे मोजायचे?

“दया नाय मामा, हक्क,” दीपिका म्हणाली. कायद्याचं सांगताना तिची भाषा आपोआप पुस्तकी होते. “घटनेतच आहे. जीव आणि स्वातंत्र्य कायद्याने ठरवलेल्या रीतीनेच काढून घेता येतं, आणि ती रीत न्यायाची हवी. वकील करायची ऐपत नाही म्हणून कोणी न्यायाला मुकू नये, हेही घटनेतच लिहिलेलं आहे. आणि वकील देणं म्हणजे नुसता काळा कोट उभा करणं नव्हे, असं कोर्टांनीच पुन्हा पुन्हा सांगितलंय. त्याला कागद वाचायला वेळ मिळाला पाहिजे, माणसाशी बोलायला मिळालं पाहिजे.”

“ह्या खालच्या कोर्टातला. वरच्यातसुद्धा?”

“वरच्यातसुद्धा. अपीलही त्याच रस्त्यावरचं आहे.”

“आणि वकिलान इचारूकच नाय तर?”

“तर दुसरा मागता येतो.”

“कोणी मागूचो?”

“धनेशने. त्याच्या सहीने.”

झेरॉक्सला आलेला एक म्हातारा मागून म्हणाला, “बाबल्या, तू वकील हो बघूया.”

“मिया वकीलच आसंय,” बाबली म्हणाला. “फक्त माझो जज बोलना नाय.”

अडचण आली ती नर्मदेची. तिला हे पसंत नव्हतं. पुजारी बदला म्हटलं तर देव रागावतो, वकील बदला म्हटलं तर जज रागावेल, आणि रागावलेला जज सातची दहा करेल. दीपिकाने तिला समजावलं की धनेशच्या अपिलात शिक्षा अशी वाढवता येत नाही. नर्मदा ऐकत होती, पण मान हलवत नव्हती. शेवटी तिने भावाकडे पाहिलं.

“तुका काय वाटता?”

बाबलीला उत्तर द्यायची सवय नव्हती. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला. मग म्हणाला, “भाईच्या होडयेची गजाल आठावता? गाऱ्हाणा चुकला ता कोणी बोलूक नाय, म्हणान ती होडी तशीच सुटली. आपण गप ऱ्हवाचा काय?”

अर्ज धनेशच्या सहीने गेला. पुढच्या तारखेला नेमलेला वकील हजरच झाला नाही. न्यायमूर्तींनी प्रकरण तसंच पुढे रेटलं नाही. त्यांनी दुसरी वकील नेमली आणि तयारीला सहा आठवडे दिले. दीपिकाने हा हुकूम मोबाइलवर वाचून दाखवला, तेव्हा नर्मदेने एकच विचारलं.

“रागावले काय गो?”

“हयसर तसा काय लिवलेला नाय.”

*

नवीन वकील सारिका घोरपडे, कोल्हापूरची. तिसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. ती आधी धनेशला तुरुंगात दोनदा भेटून आली होती. आता तिला घरच्यांना भेटायचं होतं.

बाबली आणि नर्मदा एसटीने निघाली. तळेऱ्याला गाडी थांबली, तेव्हा बाबलीने कंडक्टरला घाटाबद्दल, ड्रायव्हरच्या झोपेबद्दल आणि कोल्हापूरच्या कोर्टाबद्दल एकामागून एक विचारून घेतलं. कंडक्टरने शेवटी हात जोडले. नर्मदा पदर तोंडाला लावून हसली. कितीतरी दिवसांनी हसली, हे बाबलीच्या लक्षात आलं आणि तो मुद्दाम आणखी दोन प्रश्न विचारून आला.

सारिकाबाई पस्तिशीच्या असतील. टेबलावर धनेशच्या खटल्याची जाडजूड वही होती आणि तिच्या पानांतून रंगीत चिठ्ठ्या बाहेर आलेल्या होत्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं, “मी समुद्र दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत. त्यामुळे मी वेड्यासारखं विचारीन. तुम्ही वेड्याला सांगितल्यासारखं सांगा.”

बाबली खुर्चीत सरळ बसला. ही बाई त्याला आवडली.

त्यांनी विचारलं आणि त्याने सांगितलं. धक्का किती उंच, वल्हं किती जड, झोंबाझोंबीत माणसं कोणत्या बाजूला. मग त्यांनी पंचनाम्याचा नकाशा पुढे सरकवला. “हा वाळूचा दांडा. गुरुप्रसाद म्हणतो, मी इथे उभा होतो, धक्क्यापासून पंचवीस पावलांवर. नकाशात अंतर बरोबर आहे. पंचवीस पावलांवरून माणूस ओळखू येतोच. आपली खरी अडचण ही आहे.”

बाबलीने नकाशा उचलला, फिरवला, समुद्र स्वतःच्या डाव्या हाताला घेतला.

“ह्यो कधी काढललो?”

“दुसऱ्या दिवशी. अठ्ठावीस तारखेला, दुपारी बारा वाजता.”

“आणि भांडण?”

“सत्तावीसला. संध्याकाळी सहा. सगळे साक्षीदार सहाच म्हणतात.”

“सत्तावीसक तीथ खंयची?”

सारिकाबाई मोबाइलमध्ये शोधू लागल्या. त्याआधीच नर्मदा बोलली.

“काळभैरवाची अष्टमी. माझो उपास होतो. वरी शिजत होती आणि पोलीस इले.”

बाबलीने नकाशा खाली ठेवला.

“आठाची पाऊणपट सहा,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“तिथीची पाऊणपट केली की भरतीचो टायम येता. आमच्याकडे पोरासुद्धा करतत. चौथ आसली तर तीन वाजता भरती. अष्टमी आसली तर सहा वाजता. अष्टमीक सहा वाजता दांड्यार माझ्या गळ्याइतक्या पाणी. थयसर कोण उभो ऱ्हवतलो? बगळो पण ऱ्हवाचो नाय.”

“आणि दुसऱ्या दिवशी बाराला?”

“ओहोटी. दांडो उघडो. पोलिसांनी काढल्यानी ता खराच काढल्यानी.”

सारिकाबाईंनी पेन खाली ठेवलं. “मग सहा वाजता गुरुप्रसाद कुठे असेल?”

“उभो आसलो तर पैलतडीक. दोनशे पावला. त्या दिसात सूर्य सहाकच बुडता. दोनशे पावलांवरना माका माझो बापूस वळखाचो नाय.”

“बाबलीमामा, हे खालच्या कोर्टात कोणीच कसं सांगितलं नाही?”

“कोणाक सांगूचा? पाणी भरलला तर सगळ्यांका ठावक.”

हे बोलून झाल्यावर त्याला स्वतःचे शब्द ऐकू आले. सगळ्यांना ठाऊक होतं. वाडीतल्या प्रत्येकाला, धनेशला, नर्मदेला, त्याला स्वतःला. म्हणून कोणी बोललं नाही. दांड्यावर पाणी होतं हे कोणाला सांगायचं असतं, हेच कोणाच्या मनात आलं नव्हतं. खालचे जज लातूरकडचे होते आणि फौजदार साताऱ्याचा. वकिलाने गुरुप्रसादला चार प्रश्न विचारले, त्यात दांड्याचा एकही नव्हता. आणि बाबली, जो रियाला टाकीचं पाणी की नळाचं हे विचारतो, तो निकालाच्या दिवशी मागच्या बाकावर हात जोडून बसला होता, मंडळींतला एक असल्यासारखा.

“आता ह्या सांगूक मिळतला?” त्याने हळूच विचारलं. “तेव्हा कोणी काढूक नाय, तरी?”

“मिळेल. अपिलात सगळा पुरावा पुन्हा तपासता येतो. तारीख, वेळ, नकाशा, तिन्ही आधीच कागदावर आहेत. पंचांग मागवू, सरकारी भरतीओहोटीचं कोष्टक मागवू. अशा गोष्टीसाठी कोर्ट पुस्तक बघू शकतं.” मग त्या थोड्या सावध झाल्या. “पण हमी मी देत नाही.”

निघताना नर्मदा दाराबाहेर चपला घालत होती. बाबली टेबलाशी थांबला. चार वर्षं विचारलं नव्हतं ते त्याने आता विचारलं.

“बाई, तेका तुमी इचारल्यात? मारलंस काय, म्हणान?”

“पहिल्याच दिवशी विचारलं.”

“काय म्हणालो?”

“ते मी सांगणार नाही.”

“मिया तेचो मामा.”

“असाल. तरी नाही. तो मला सगळं मोकळेपणाने सांगू शकला, कारण ते माझ्यापाशीच राहणार आहे.” त्या हसल्या, पण हलल्या नाहीत. “तुम्हाला हवं असेल तर तुम्ही त्याला विचारा.”

परतीच्या गाडीत बाबलीने कंडक्टरला काहीच विचारलं नाही.

*

सुनावणीला तो एकटाच गेला. बोलणं इंग्रजीत होणार हे सारिकाबाईंनी आधी सांगितलं होतं. तो मागच्या बाकावर बसला आणि मन लावून ऐकू लागला. एका गाऱ्हाणेकराने दुसऱ्याचं ऐकावं तसं.

शब्द कळत नव्हते, पण क्रम कळत होता. आधी धनेशचं नाव आलं. मग पेडवेवाडी. मग तारीख. मग नकाशा वर गेला. मग एकदम ओळखीचे शब्द आले, अष्टमी, पंचांग, आणि सारिकाबाईंनी हाताने पाण्याची उंची दाखवली, बरोबर गळ्यापाशी. त्यांनी ती त्याच्याकडूनच उचलली होती. बाबलीच्या तोंडातून हलकेच निघून गेलं, “व्हय म्हाराजा.” शेजारच्या शिपायाने वळून पाहिलं.

सरकारी वकील उठले. त्यांचंही म्हणणं क्रमानेच होतं. त्यात प्रीतमचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. न्यायमूर्तींनी मध्येच मराठीत विचारलं, “हा पाऊणपटीचा हिशोब कोष्टकाशी जुळतो का?”

“दहा मिनिटांचा फरक आहे,” सारिकाबाई म्हणाल्या.

निकाल बावीस दिवसांनी आला. त्या वेळी दांडा पाण्याखाली होता, म्हणून तिथून गुरुप्रसादला धनेश ओळखू येणं शक्य होतं असं म्हणता येत नाही. दुसरा पुरावा नाही. संशयाचा फायदा आरोपीला. दीपिकाने दुकानाचं शटर अर्धं ओढून नर्मदेला हे तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा नर्मदेने विचारलं, “म्हणजे येतलो?”

“येतलो.”

*

धनेश आला. वाडीला गाऱ्हाणं हवं होतं. लक्ष्मीकाकीने नारळ काढून ठेवला, भाईने ढोलाचं बघतो म्हणून सांगितलं. बाबली म्हणाला, आधी विचारायचं आहे.

तो धनेशला घेऊन खाडीवर गेला. ओहोटी होती. दांडा उघडा पडला होता आणि त्यावर बगळे होते. दोघे उपड्या होडीवर बसले. धनेश बारीक झाला होता. हात गुडघ्यांत घालून बसायची नवी सवय त्याला लागली होती.

“धन्या, त्या दिसाचा सांग.”

“आता कित्याक मामा? सुटलंय मां?”

“गाऱ्हाणा घालूचा आसा. इचारल्याशिवाय मिया घालणंय नाय.” मग त्याने खरं ते सांगितलं. “आधी इचारूक होया होता. माका भय वाटला. तू व्हय म्हणालंस तर काय करू, ता माका कळाक नाय.”

धनेश बगळ्यांकडे बघत बोलू लागला.

“वल्हा उचललेलंय मामा. खोटा कित्याक सांगू? जाळा फाटलला, माथा फिरलला. उचललंय आणि प्रीतम माझ्या समोर. तेना माझ्याकडे बघितल्यान. माझ्यापरास बारको होतो. वल्हा खाली टाकलंय. तितक्यात मागसून सगळे येवन आदळले, आणि तो काठार होतो.” त्याने हाताने काठ दाखवला. “मिया मारूक नाय. पण उचललेलंय.”

“ह्या कोणाक सांगलंस?”

“वकीलबाईंका. तेंनी इचारल्यानी.”

पाणी दांड्याच्या कडेला चढू लागलं होतं. एक बगळा दोन पावलं मागे सरकला.

“तो प्रीतम,” बाबली म्हणाला, “खंयचो?”

“शिरोड्याकडचो.”

“घरात कोण आसत?”

“आवस होती. कोर्टात येयची. निळ्या पिशयेत पाण्याची बाटली घेवन बसायची.”

“तिचा नाव?”

धनेशला माहीत नव्हतं. दोन वर्षं प्रीतमची आई त्याच्यापासून चार हातांवर बसत होती.

बाबली उठला, धोतराला लागलेली वाळू झटकली. घरी येऊन त्याने लक्ष्मीकाकीला सांगितलं की नारळ असू दे, पण गाऱ्हाणं आठवडाभर पुढे जाईल. काकी चिडली. लोकांना सांगून झालंय, भाईने ढोलवाल्याला बोलावलंय.

“आता आणि काय इचारूचा ऱ्हवला तुझा?” ती म्हणाली.

“एक नाव ऱ्हवला,” बाबली म्हणाला.

सोमवारी सकाळी तो आणि धनेश शिरोड्याच्या गाडीत बसले. धनेश खिडकीशी बसला. वेंगुर्ल्याला बाबलीने कंडक्टरला हाक मारली आणि शिरोड्यात ट्रॉलरवरच्या माणसांची घरं कोणत्या बाजूला आहेत, ते विचारलं.